रिफर्बिश्ड हलका लॅपटॉप: मराठवाड्यात घेताना आणि वापरताना

बारावीनंतर इंजिनिअरिंग, बीसीएस किंवा फार्मसीला प्रवेश झाला की घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. बहुतेक घरांत तो वीस-पंचवीस हजारांच्या आसपास येऊन थांबतो. एवढ्या पैशात नवा लॅपटॉप मिळतो, नाही असं नाही. पण त्यात सगळ्यात खालचा प्रोसेसर, फिकट स्क्रीन आणि दाबलं की वाकणारी प्लास्टिकची बॉडी असते. तेवढ्याच पैशात कंपन्यांमध्ये तीन-चार वर्षं वापरलेला, मुळात लाखाच्या आसपास किंमत असलेला लॅपटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे साफ-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, म्हणून मिळू शकतो. सव्वा-दीड किलो वजन, चांगला कीबोर्ड, मजबूत बिजागऱ्या. मी तरी या दुसऱ्याच बाजूचा आहे, फक्त तो डोळे उघडे ठेवून घ्यायला हवा.

मराठवाड्यात राहणाऱ्याने प्रोसेसरच्या स्टिकरआधी बॅटरी पाहावी, आणि उद्या काही बिघडलं तर आपल्या तालुक्याच्या गावात तो कोण उघडू शकेल हे पाहावं. पुण्यात बॅटरी कमजोर असली तरी कॅफेत प्लग सापडतो. इथे पावसाळ्यात डीपी जळाली की लाइट कधी येईल हे लाइनमनलाही सांगता येत नाही. बॅटरी अर्ध्या तासात बसत असेल तर तो हलका लॅपटॉप नुसता हलकाच राहतो.

कोणता घ्यायचा

आधी पिढी पाहायला शिका. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात आडव्या रेघेनंतर आकडा असतो. आय५-८३५०यू लिहिलं असेल तर पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. १०२१०यू असा पाच आकडी असेल तर पहिले दोन अंक, म्हणजे दहावी. शेवटचा ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठी केलेला प्रोसेसर.

आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. याला दोन कारणं आहेत. सातव्या पिढीपर्यंत या पातळ लॅपटॉपमधल्या आय५ आणि आय७ ला दोनच कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) असायचे, आठवीपासून चार झाले. त्यामुळे दुकानदार ‘आय सेव्हन आहे’ म्हणून सहाव्या पिढीचा लॅपटॉप पुढे करत असेल, तर आठव्या पिढीचा साधा आय५ त्याच्यापेक्षा बरा. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) ही अधिकृत अट आहे. सहाव्या-सातव्या पिढीवर अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे दुकानदार भेटतील. ते चालतंही, पण पुढचे अपडेट येत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

आता मॉडेल. बाजारात मुख्यतः तीन घराणी दिसतात: लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड आणि एचपीचा एलिटबुक. हे तिन्ही कंपन्यांसाठी केलेले लॅपटॉप, म्हणून यांचे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात. दुकानात यांच्या शेजारी त्याच कंपन्यांचे घरगुती मॉडेलही मांडलेले असतात. दिसायला चकचकीत आणि किमतीत थोडे कमी. ते जुने झाल्यावर घेऊ नका, बिजागरी आधी जाते.

यातही एक मोठा फरक रॅमचा आहे. थिंकपॅड एक्स१ कार्बन, एक्स२८० आणि एक्स३९० यांची रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. हे घ्यायचे असतील तर १६ जीबीचाच शोधा, निदान ८ जीबीच्या खाली जाऊ नका. लॅटिट्यूड ७२९० आणि ७३९० मध्ये रॅमचा एक स्लॉट असतो, थिंकपॅड टी४८०एस मध्ये थोडी डकवलेली आणि एक स्लॉट, तर एलिटबुक ८३० जी५ मध्ये दोन स्लॉट. विद्यार्थ्याला मी बहुतेक वेळा ८३० जी५ किंवा ७३९० सुचवतो. आज ८ जीबीत भागवा, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट येईल तेव्हा रॅम वाढवा. वजन हाच पहिला निकष असेल तर २०१८ चा सहाव्या आवृत्तीचा एक्स१ कार्बन १.१३ किलोपासून सुरू होतो, त्याला तोड नाही. इथे एक लक्षात घ्या, कार्बनची ‘सहावी आवृत्ती’ आणि प्रोसेसरची ‘आठवी पिढी’ हे वेगवेगळे आकडे आहेत, दुकानात यांची सरमिसळ होते.

आणि तुमच्या गावात रोज चार-चार तास लाइट जात असेल, तर दीड किलोच्या वर जाऊन थिंकपॅड टी४८० चा विचार करा. तो या लेखातल्या ‘हलक्या’मध्ये बसत नाही, पण त्याला एक बॅटरी आत आणि एक बाहेर असते. बाहेरची चालू लॅपटॉपमधून काढून दुसरी लावता येते. शेतावरच्या घरात राहणाऱ्याला ही सोय सगळ्यात कामाची.

कुठून घ्यायचा

हा माल येतो कुठून? मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना लॅपटॉप देतात, तीन-चार वर्षांनी ते एकगठ्ठा बदलतात, आणि जुने व्यापाऱ्यांकडे जातात. काही परदेशातूनही येतात. व्यापारी ते साफ करतात, लागेल तो भाग बदलतात आणि ए, बी, सी अशी प्रत लावतात. या प्रतीला कोणतंही सरकारी मोजमाप नाही, प्रत्येकाचा ‘ए’ वेगळा. त्यामुळे प्रत ऐकून पैसे देऊ नका.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूर इथे जुन्या लॅपटॉपची दुकानं आहेत. नांदेड-देगलूर भागातले बरेच जण देवगिरी एक्सप्रेस धरून सिकंदराबादला जातात, तिथल्या पार्कलेन भागात चिनॉय ट्रेड सेंटर ही संगणकांची मोठी बाजारपेठ आहे. ऑनलाइन तर दिल्लीपर्यंतचे पर्याय खुले असतात आणि किंमत हमखास हजार-दोन हजारांनी कमी दिसते. तरीही पहिला लॅपटॉप घेणाऱ्याने जिल्ह्याच्या ठिकाणीच घ्यावा असं मला वाटतं. दोन महिन्यांनी कीबोर्डची एक कळ गेली तर लॅपटॉप पिशवीत टाकून एसटीने जाता येतं. लांबून मागवलेला कुरिअरने पाठवायचा, त्यांनी ‘पाणी गेलंय’ म्हणायचं, आणि ऐन परीक्षेत पोराने लॅपटॉपविना बसायचं. वाचवलेले हजार-दोन हजार तिथेच जातात.

ऑनलाइनच घ्यायचा झाला तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते वाचा, पार्सल उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि खालच्या सगळ्या तपासण्या त्याच दिवशी करा.

काउंटरवरचा अर्धा तास

दुकानदाराला आधीच सांगा, ‘भाऊ, अर्धा तास बघू द्या, मग घेतो.’ नीट धंदा करणारा खुर्ची देतो. घाई करायला लागला तर दुसरं दुकान बघा.

लॅपटॉप बंद असतानाच सपाट काचेच्या काउंटरवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने दाबून पाहा. डुलत असेल, किंवा टचपॅड मध्ये उचलल्यासारखा दिसत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. असा लॅपटॉप घेऊ नका. मग झाकण एका हाताने उघडा, अर्ध्यावर सोडा. ते जिथल्या तिथे थांबायला हवं. खालच्या बाजूचे स्क्रू पाहा. एखादा नसणं समजू शकतो, पण सगळ्यांचीच तोंडं झिजली असतील तर तो बऱ्याचदा उघडला गेला आहे.

खालच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर किंवा डेलचा सर्व्हिस टॅग मोबाइलवर कंपनीच्या सपोर्ट साइटला टाका. मूळ प्रोसेसर कोणता आणि वॉरंटी कधी सुरू झाली हे तिथे समजतं, त्यावरून खरं वय कळतं. तोच नंबर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) दिसतो का तेही पाहा. थिंकपॅडला चालू करताना एफ१, डेलला एफ२ आणि एचपीला एफ१० दाबलं की बायोस उघडतो. तिथे पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल, तर सौदा तिथेच थांबवा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड आतला छोटा सेल काढून जात नाही. बायोसमध्येच ‘ॲब्सोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ नावाची नोंद शोधा. ती चोरीला गेलेला लॅपटॉप शोधण्याची सोय असते. तिच्यापुढे ‘ॲक्टिव्हेटेड’ लिहिलं असेल तर लॅपटॉप जुन्या मालकाच्या यादीतून सुटलेला नाही.

याच जातीचा आणखी एक धोका आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. कंपनीने लॅपटॉप आपल्या नावावर मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेला असेल, तर विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडलं की सुरुवातीलाच त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन मागितलं जातं. दुकानात चालू करून दाखवलेल्या विंडोजवर हे दिसत नाही. म्हणून ‘रिसेट करून, माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सेटअप करून दाखवा’ असा आग्रह धरा. वेळ लागतो, चहा घेऊन या, पण हे केल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता बॅटरी. विंडोजच्या सर्चमध्ये सीएमडी टाका, काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजीत पॉवरसीएफजी सलग लिहा (पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी), मग एक स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा शब्द. एंटर दाबलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. समजा पहिला आकडा ४८,००० आणि दुसरा ३१,००० असेल, तर बॅटरी ६५ टक्क्यांच्या आसपास उरली आहे. ८० च्या वर असेल तर छान. ६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

दोन्ही आकडे अगदी तंतोतंत सारखे आणि ‘सायकल काउंट’ (चार्जिंगच्या फेऱ्या) शून्य दिसला तर खूश होऊ नका. नवी डुप्लिकेट बॅटरीही तेच दाखवते. म्हणून खरी परीक्षा वापराचीच. चार्जर काढा, स्क्रीनचा उजेड निम्मा ठेवा आणि वीस मिनिटं व्हिडिओ चालू द्या. तेवढ्यात दहा टक्के गेले तर पूर्ण बॅटरी साधारण सव्वातीन तास चालेल. वीस टक्के गेले तर दीड-पावणेदोन तास. टक्का एकदम ४० वरून १५ वर उडी मारत असेल तर ती बॅटरी संपलेली आहे.

ही वीस मिनिटं चालू असताना बाकीचं उरका. नोटपॅड उघडून एकेक कळ दाबा, एंटर आणि स्पेस जरा जास्त वेळा. परदेशातून आलेल्या लॅपटॉपचा कीबोर्ड वेगळ्या मांडणीचा असतो आणि वरून स्टिकर लावलेले असतात. कळीच्या आकारावरून ते ओळखू येतं, एंटर उभा आणि मोठा दिसतो. स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावून ठिपके आणि डाग पाहा, मग बाजूने पाहा. कडेने रंग उलटे दिसत असतील तर जुन्या धाटणीचा टीएन पॅनेल आहे. दिवसभर वाचायचं असेल तर फुल एचडी आयपीएसच (बाजूनेही रंग नीट दिसणारा पॅनेल) घ्या. कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय, सगळे यूएसबी. टाइप-सीची प्रत्येक खाच चार्जर लावून पाहा. २०१७ ते २०१९ च्या काही थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट (टाइप-सीच्या खाचेतून चालणारी वेगवान जोडणी) च्या आतल्या प्रोग्रॅममुळे, म्हणजे फर्मवेअरमुळे, टाइप-सी बंद पडायची तक्रार होती आणि लेनोवोने त्यासाठी अपडेट काढला. एक्स२८० सारखे लॅपटॉप चार्जच टाइप-सीवरून होतात, त्यामुळे ती खाच गेली की काम मोठं निघतं. एसएसडीची (फाइल साठवणाऱ्या डिस्कची) तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये टक्क्यांत दिसते.

बिल आणि चार्जर

पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. वॉरंटीत बॅटरी आणि चार्जर येतात का हे तोंडी न विचारता लिहून मागा, बहुतेक ठिकाणी ते वगळलेले असतात. उद्या लॅपटॉप चोरीचा असल्याचा प्रश्न आला तर हेच बिल कामाला येतं.

विंडोज खरं आहे का, हेही काळ्या खिडकीत कळतं. एस, एल, एम, जी, आर सलग लिहा, स्पेस, तिरकी रेघ आणि डी, एल, आय. ‘ओईएम’ (लॅपटॉपसोबत आलेला परवाना) किंवा ‘रिटेल’ (सुटा विकत घेतलेला) दिसलं तर ठीक. ‘व्हॉल्यूम केएमएस’ (मोठ्या संस्थांना एकगठ्ठा दिलेला परवाना) दिसलं तर बहुधा जुगाड करून चालू केलेलं आहे. या जातीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मूळ परवाना बायोसमध्येच असतो, रिसेट करून तीच आवृत्ती टाकली की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

चार्जरवर पैसे वाचवू नका. डेलला डुप्लिकेट चार्जर लावला तर तो ओळखता येत नसल्याचा इशारा येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि लॅपटॉपही मुद्दाम मंद चालतो. मूळ चार्जर मिळत नसेल आणि लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होणारा असेल, तर नामांकित कंपनीचा ६५ वॅटचा पॉवर डिलिव्हरी (टाइप-सीवरून लॅपटॉपला लागेल तेवढी वीज देण्याची पद्धत) चार्जर घ्या. मोबाइलच्या फास्ट चार्जरवर वॅट कितीही मोठे लिहिलेले असोत, पॉवर डिलिव्हरी नसेल तर लॅपटॉपला त्याचा उपयोग नाही. ४५ ते ६५ वॅट देणारी पॉवर बँक मिळाली तर लाइट नसतानाही एक-दीड तास वाढतो.

घरी आणल्यावर

पहिलं काम अपडेटचं: विंडोज, मग ड्रायव्हर, मग बायोस. बायोस अपडेट करताना बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या आणि चार्जर लावलेला असू द्या. वादळवाऱ्याच्या संध्याकाळी तो करू नका.

मग चार्जिंगची मर्यादा लावा. लेनोवोला व्हँटेज नावाच्या ॲपमध्ये, डेल आणि एचपीला बायोसमध्ये ही सोय असते. रोज टेबलावर चार्जर लावून काम करत असाल तर ८० टक्क्यांवर थांबवा, परगावी जायचं असेल त्या दिवशी १०० करा. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी आतलं तापमान त्याहून जास्त. तिथे लॅपटॉप चार्जिंगला लावून कॉलेजला जाऊ नका. जड काम, मोठे प्रोग्रॅम, व्हिडिओ एडिटिंग सकाळी किंवा रात्री करा. उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका.

लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नका, खालची जाळी बुजते. काळ्या मातीची बारीक धूळ पंख्यात जाते, त्यामुळे वर्षातून एकदा खालचं झाकण उघडून मऊ ब्रशने साफ करून घ्या, दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला. तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यालाही हे जमतं, कारण या लॅपटॉपचं झाकण सरळ स्क्रूंनी उघडतं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका. तिच्यात ओलावा असतो आणि जोर इतका की पंख्याची पाती तुटतात.

धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना हात लावला की कधी बारीक झिणझिण्या येतात. लॅपटॉप खराब आहे म्हणून लोक परत करायला निघतात. बहुतेक वेळा दोष घरातल्या अर्थिंगचा असतो. तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या बोर्डात बसावा म्हणून जाड पिन मोडून टाकायची पद्धत आहे, ती करू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि चांगला स्पाइक गार्ड लावा. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळतो, त्यामुळे कमी व्होल्टेजला घाबरायचं कारण नाही. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढून ठेवा.

मराठी लिहिण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज उरलेली नाही. सेटिंग्जमध्ये भाषा या भागात मराठी जोडा, तिच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड निवडा. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापासून प्रोजेक्टच्या प्रस्तावनेपर्यंत हेच युनिकोड मराठी सगळीकडे चालतं.

दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येईल. झाकण उघडून बॅटरीवरचा पार्ट नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि त्याच नंबरची मागवा, मॉडेलच्या नावावरून मागवलेल्या बॅटरीचा जोड कधी कधी वेगळा निघतो. फुगलेली बॅटरी दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, तिला टोचू नका आणि घंटागाडीत टाकू नका, तिथे ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. नवी बसवणाऱ्या दुकानदाराला जुनी ई-कचऱ्यात द्यायला सांगा, आणि तो घेत नसेल तर शहरात जाल तेव्हा ई-कचरा संकलन केंद्रावर द्या. तोपर्यंत ती घराबाहेर, सावलीत, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा.